चौथ्या टोकाला गाडी कोणी नेली

भाट्याच्या पुलावरून जाताना मी अजून रिक्षावाल्याला म्हणतो, जरा हळू घे रे. त्याला वाटतं, म्हातारा खड्ड्यांना घाबरतो. मी खाली बघत असतो. ओहोटी असली की खाडीच्या तोंडाशी वाळू उघडी पडते. ओली, राखाडी, पाय न रुतणारी ती वाळू सुरूच्या बनाच्या कडेनं लांबवर जाते. तिच्यावर मला लाल टाकीची मोटारसायकल दिसते आणि तिच्यावर ओढणी कमरेला गुंडाळून बसलेली एक बाई. गाडी डावीकडे कलते, सावरते, मागं चाकाची ओळ उमटत जाते. लाट येऊन ओळ पुसते. बाई वळून पुन्हा ओढते.

ती बाई म्हणजे शैला, माझी बायको. तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, आरोग्यसेविका, वाड्यावाड्यांतून लसीची पेटी खांद्याला लावून हिंडलेली. मी मोजणी खात्यात. नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या, दोन भावांच्या मधोमध दगड पुरले, आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

रत्नागिरीत मला ओळखणारे जे थोडे लोक उरलेत, ते मला ‘चार टोकांवाले’ म्हणतात. मोटारसायकलवरून देशाच्या चारही टोकांना जाऊन आलेला आपल्याकडचा पहिला माणूस, अशी माझी ख्याती आहे. तीन टोकांपुरती ती खरी आहे. चौथ्याला गाडी शैलानं नेली. मी मागं होतो. ही एवढीशी गोष्ट मी गावापासून, नातेवाइकांपासून आणि देवापासूनही लपवली, आणि शैला बाजूला उभी राहून ऐकत असताना लपवली. आता ऐंशीच्या घरात आलो. हे कागदावर आलं पाहिजे.

टोकांचं वेड जुनं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ‘भारतीय उपखंड’ असा शब्द होता, आणि खंडाला ‘उप’ का म्हणायचं, हे गुरुजींनाही नीट सांगता येत नसे. मला त्या शब्दानं धरलं. मोजणीला लागल्यावर तर कुठलीही जमीन बघितली की आधी तिचा कोपरा शोधायची सवय लागली. सबंध उपखंड काही आपल्याला हिंडू देणार नाहीत. पण त्यातला आपल्या वाट्याला आलेला तुकडा तरी कोपऱ्या-कोपऱ्यानं बघून घ्यावा, असं वाटायचं. अठ्ठ्याण्णव साली मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. घर एकदम मोठं झालं. मी शैलाला म्हटलं, “गाडीवरून कन्याकुमारीला जाऊ या?”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “जाऊ या की. पण वाटेत कुणाच्या जमिनीचा वाद दिसला तर उतरायचं नाय.”

गाडीला तिनं नाव ठेवलं ‘म्हैस’. सकाळी उठायला तयार नसे, उठली की सगळ्या वाडीला कळे, आणि चढावर श्वास टाकत, पण न थांबता चाले. त्या प्रवासाचा मला अजून येतो तो वास: तापलेल्या इंजिनाचा, त्यावर पडलेल्या पहिल्या पेट्रोलच्या थेंबाचा, आणि मागं शैलाच्या पिशवीतल्या आमसुलांचा. कारवारपर्यंत सगळं आपलंच वाटत होतं, तेच माड, तोच चिरा, तेच उकडे तांदूळ. केरळात नारळाच्या तेलात तळलेल्या केळ्यांचा वास रस्त्यावर यायचा आणि शैला खांद्यावर थाप मारायची. थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे लगेच थांबा. कन्याकुमारीला पोचलो तेव्हा लोक तीन समुद्र कुठं मिळतात ते एकमेकांना बोटानं दाखवत होते. शैला बराच वेळ बघून म्हणाली, “मला तर आपलाच दिसतोय. मांडवीवरून निघून हाही इथपर्यंत आलाय बिचारा, आपल्यासारखा.”

पश्चिमेचं टोक कच्छात. तिथली हवा इतकी कोरडी की ओठाला जीभ लावली तर मीठ लागायचं. संध्याकाळी जमीन आणि आकाश एका रंगाची व्हायची आणि मधली रेघ सापडायची नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला रेघेशिवाय झोप येत नाही, तिथं विलक्षण हलकं वाटलं. तिथंच आम्हांला एका धर्मशाळेनं बाहेर काढलं. चूक आमचीच. दमून भागून पोचलो, शैलानं स्टोव्ह पेटवला आणि घरून आणलेल्या सोड्यांचा डबा उघडला. रत्नागिरीच्या माणसाला सुक्या कोळंबीचा वास वास म्हणून कळतच नाही, त्याला ती भूक वाटते. यात्रेकरूंच्या त्या पवित्र जागी मात्र तो दाराखालून गेला, जिन्यावरून चढला आणि व्यवस्थापकाला घेऊन खाली आला. ते गृहस्थ नाकाला उपरणं लावून नुसते हात जोडत होते. आम्ही सामान उचललं. बाहेर उंटवाल्यांच्या चुलीशी बसून शैलानं ते सोडे परतले. उंटवालेही लांब सरकून बसले.

“देशाच्या टोकाला आलो,” ती म्हणाली, “आणि तिथूनपण हाकलले गेलो.”

पूर्वेचं टोक अरुणाचलात, एका हिरव्या, थंड, दगडांवर आपटत जाणाऱ्या नदीच्या काठी. परवान्यासाठी बसून राहिलो, त्या दिवसांची मला संत्र्यांची सालं आठवतात. सगळं गाव ती चुलीत टाकायचं आणि धुरालाही गोडी यायची. तिथं सूर्य आपल्या घड्याळाचं ऐकत नाही. आमच्याकडे कोंबडाही उठला नसेल अशा वेळी तिथं बायका पाठीला बांबूची टोपली लावून कामाला निघालेल्या असत. एका वळणावर, मुरमाच्या उतारावर, मी गाडी पाडली. लागलं कुणालाच नाही. पण गाडी उभी करताना माझ्या कमरेत जी कळ आली, ती शैलानं पाहिली. उरलेल्या रस्त्यात तिनं खांद्यावर एकही थाप मारली नाही.

घरी आल्यावर म्हणाली, “मला चालवायला शिकवा.”

“कशाला?”

“तुम्ही कुठं आडवे झालात, तर मी रस्त्यात बसून आरती म्हणू?”

म्हणून भाट्याची वाळू. पहाटे ओहोटी असेल तेव्हा जायचो. कोळीण-मावश्या जाळी झटकता झटकता थांबून बघायच्या. “बाय, वडा खातंस की गाडी हाकतंस?” असं एक जण ओरडली, कारण शैला घाबरली की गाल फुगवायची. शैला वळून गेली ती थेट तिच्या पायाशी ब्रेक लावून थांबली आणि म्हणाली, “बस मागं, वडा दाखवते.” ती बसली. दोघी बनाच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. शैलाचा तोल मुळातच पक्का. गुहागरला माहेरी सुपारीच्या बागांतून पाटाच्या अरुंद बांधावरून डोक्यावर कळशी घेऊन वाढलेली. तिला मी काहीच शिकवलं नाही. क्लच दाखवला, एवढंच.

उत्तरेला निघालो तो जून महिना. आमची तयारी सगळी कोकणातली: प्लास्टिकचे कागद, रेनकोट, गमबूट, आणि सांधे चोळायला खोबरेल. ज्या मुलखात पाऊस पडत नाही तिथं आम्ही पावसाचं सामान घेऊन गेलो. खोबरेल दगडासारखं गोठलं. शैला बाटली इंजिनाला टेकवून वितळवायची आणि मग त्या उघड्या, पिवळ्या डोंगरांत, जिथं गवताचं पान नाही, तिथं एकाएकी आमच्या न्हाणीघराचा वास यायचा. लेहला बाजारात एका म्हातारीनं तो वास घेतला आणि बाटली मागून घेऊन हातावर थेंब ओतला, गालाला लावला. दोघी एकमेकींची भाषा न कळता बराच वेळ बोलत होत्या.

लेहच्या पुढं एक खिंड लागते. ती ओलांडून खाली दरीत उतरलं की एक गाव येतं, आणि त्या गावापुढं आमच्यासारख्यांना सोडत नाहीत. तेच आमचं चौथं टोक. खिंड चढताना रस्त्याच्या कडेला बर्फ होता, काळपट, डिझेलच्या धुरानं मळलेला. म्हैस खोकत होती. मला आधी वाटलं तिचाच आवाज लांबून येतोय. मग हँडल धरलेले हात माझे नाहीत असं वाटायला लागलं. डावं-उजवं कळेना. मी गाडी थांबवली, उतरलो, एका दगडाशी बसून ओकलो, आणि तिथंच बसलो. वर दोरीला बांधलेल्या रंगीत पताका फडफडत होत्या. त्यांचा आवाज मला फार मोठा, शिडासारखा ऐकू येत होता.

शैलानं माझी नाडी धरली. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. मग उठून सामान बांधायला आणलेली जुनी साडी सोडवली.

“उठा. मागं बसा.”

“तू चालवणार?”

“मग काय हा दगड चालवणार?”

तिनं ती साडी माझ्या पाठीवरून घेऊन स्वतःच्या पोटावर गाठ मारली, जशी आमच्याकडच्या बायका लहान पोर बांधतात. माझं डोकं तिच्या पाठीवर. स्वेटरला लोकरीचा, धुराचा आणि खोबरेलाचा वास. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि त्यातून ती पाय न टेकता गाडी काढत होती. समोरून लष्कराचे ट्रक आले की डोंगराच्या अंगाला जाऊन थांबायची, ट्रक गेले की निघायची. आणि सबंध वेळ ती गाडीशी बोलत होती. रागानं नाही, लाडानंही नाही, जुन्या शेजारणीशी बोलावं तसं. “हां, चल. आता डावीकडे. बघितलास का, केवढा खड्डा. असू दे. चल.” मी नंतर पुष्कळ लोकांना गाडी चालवताना पाहिलं, तरणी पोरं, मोठ्या मोठ्या गाड्या. तसं चालवणारं कोणी पाहिलं नाही.

दरीत उतरलो तसं माझं डोकं उतरत गेलं. जर्दाळूची झाडं दिसायला लागली. त्या गावात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांना अगदी आमच्याकडच्या कुंडांसारखा गंधकाचा वास आहे. त्या वासानं मी पुरता शुद्धीवर आलो. शेवटच्या चौकीपाशी शैलानं गाडी उभी केली. एक तरुण जवान कौतुकानं पुढं आला. आमच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढतो म्हणाला. डोळ्याला कॅमेरा लावून म्हणाला, “काकाजी, आप आगे बैठिए. आंटी पीछे. फोटो अच्छा आएगा.”

शैला उतरली. हातानं सीट पुसली आणि मागं जाऊन बसली. मी पुढं बसलो, हँडल धरलं आणि हसलो.

परत येताना ती खिंड पुन्हा ओलांडली, तीही तिनंच. लेहच्या खाली मी गाडी हातात घेतली. रत्नागिरीत शिरलो तेव्हा ती म्हणाली, घरी नंतर, आधी मिरकरवाड्याला घ्या. बंदरावरचा मासळीचा लिलाव संपत आला होता. बर्फाच्या चुऱ्यात, माशांच्या खवल्यांत, दोघं धुळीनं माखलेले उभे राहून आम्ही बांगडे घेतले. त्या वासानं मला रडू आलं. शैला मासळीवाल्या बाईशी भावावरून भांडत होती.

मग तो फोटो सगळीकडे गेला. मांडवीजवळच्या एका सभागृहात सत्कार झाला. मला शाल, श्रीफळ. शैलाला खण-नारळ. वक्ते म्हणाले, मागं बसून साथ देणंही सोपं नसतं. सूत्रसंचालकानं माईक तिच्यापुढं धरला. “वहिनी, खरं सांगा, मागं बसून भीती नाही वाटली?”

“मागं बसून खूप वाटायची,” शैला म्हणाली.

सभागृह हसलं. मीही हसलो. तेव्हा उठून एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

पण त्याहून मोठं झालं ते पुढच्या शिमग्याला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. घरापुढच्या खळ्यात पालखी टेकते, घरातली बाई पंचारती ओवाळते, आणि तात्या गुरव मोठ्या आवाजात देवाला त्या घरची हकीकत सांगून मागणं मागतात. ते गाऱ्हाणं. प्रत्येक वाक्यावर जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. पालखीसमोर बोललेलं आणि गावानं होकार भरलेलं ते पक्कं, आमच्या खात्याच्या नकाशाहून पक्कं. त्या दिवशी तात्यांनी आवाज लावला:

“बा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरानं चार दिशांची चार टोकं गाठली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आपल्या हातानं गाडी हाकून गेला नि सुखरूप घरी आला, ती तुझीच राखण म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गुलाल उडाला. शैला ओटीवर पंचारती घेऊन उभी होती. ज्योत वाऱ्यानं आडवी झाली तशी तिनं तळहाताचा आडोसा केला. मी हात जोडलेले तसेच ठेवले.

त्यानंतर कितीतरी शिमगे आले आणि गेले. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. शैला नातवंडांना कच्छच्या धर्मशाळेची गोष्ट सांगायची, कन्याकुमारीची सांगायची. खिंडीची गोष्ट तिनं कधीच सांगितली नाही. ती माझी अब्रू राखते आहे असं मी समजत होतो, आणि त्यामुळे तिच्यासमोर दर वर्षी थोडा थोडा लहान होत होतो.

यंदा पालखी यायच्या आधी मी तात्यांकडे गेलो. तेही आता थकलेत, आवाज मात्र तोच. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, ते गाऱ्हाणं दुरुस्त करायचं आहे. तात्यांनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

“तवा काय तोंडात मूग धरलेलेत?”

“धरलेले.”

“बरं,” ते म्हणाले. “पण गाव हसंल हां तुला.”

“हसू दे.”

शैलाला मी सांगितलं नव्हतं. पालखी खळ्यात टेकली. ढोल थांबले. तात्यांनी नेहमीची नावं घेतली, राखण मागितली, आणि मग जरा थांबून आवाज चढवला:

“बा म्हाराजा! मागं ह्या खळ्यात एक चुकीचं बोलणं झालं म्हाराजा. चौथं टोक ह्यानं गाठलं नाय. गाडी हाकली ती ह्याच्या कारभारणीनं म्हाराजा!”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. असं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नव्हतं. मग मागून एका बाईचा हसरा आवाज आला, “व्हय म्हाराजा!” आणि त्यामागून सगळ्यांचा. मला पायांखाली जमीन लागली.

“थांबा तात्या,” शैला म्हणाली.

ती ओटीवरून खाली आली. पंचारती तिनं शिमग्याला आलेल्या लेकीच्या हातात दिली होती. बायका गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलत नाहीत. ढोलवाल्यानं उचललेली टिपरी तशीच धरली.

“सांगायचं तर पुरं सांगा देवाला,” ती म्हणाली. “हे तिथं विरळ हवेनं आजारी पडले. ओठ निळे झालेले. मागं लेहला दवाखाना होता. पुढं काय आहे मला ठाऊक नव्हतं. माझी सगळी नोकरी आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवण्यात गेली. गाडी मागं फिरवायची असते हे मला कळत होतं. मी फिरवली नाय. मला ते टोक बघायचं होतं. ह्यांना बांधलं आणि पुढं गेले. दरी खोल निघाली, ह्यांना हवा मिळाली, म्हणून हे आज उभे आहेत. मी ह्यांना वाचवलं असं देवाला सांगू नका.”

मी तिच्याकडे बघत होतो. ती पालखीकडे.

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग डोकं खाजवून हात जोडले.

“बा म्हाराजा! ही दोघं दोन तऱ्हेचं सांगतात. कुणाचं किती चुकलं, कुणी कुणाला नेलं, त्याचा निवाडा तुझा तू कर म्हाराजा. गाडी गेली नि दोघं आली, येवढं आम्ही बगितलंव. अशीच भांडत राहूंदेत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं खळं ओरडलं. ढोल सुरू झाले, पोरांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवली, गुलाल उडाला, आणि गर्दी शेजारच्या घराकडे सरकली.

आम्ही दोघं खळ्यात उरलो. जमिनीवर गुलाल, तांदूळ, फुटलेल्या नारळाचं पाणी. शैला एक करवंटी उचलायला वाकली.

“इतकी वर्षं बोलली नाहीस,” मी म्हटलं.

“तुम्ही तरी कुठं बोललात.”

“मी तुझं श्रेय खाल्लं म्हणून गप्प होतो.”

“मी तुमचा जीव टांगला म्हणून.” तिनं करवंटी झटकली. “बरं जुळलं आपलं.”

शेजारच्या खळ्यात ढोल थांबला आणि तात्यांचा आवाज वर चढला. मी तिला विचारलं, “पुन्हा तशी वेळ आली, तर फिरवशील मागं?”

तिनं विचार केला. मला बरं वाटावं म्हणून काही बोलणं तिच्या स्वभावात कधीच नव्हतं.

“नाय,” ती म्हणाली, आणि करवंट्या घेऊन आत गेली.

मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मनातल्या मनात मी तिला मोठी मानत आलो, ते तिनं मला खिंडीपलीकडे नेलं म्हणून. ती मला न्यायला निघालीच नव्हती. ती स्वतः निघाली होती, आणि मी मागं बांधलेला होतो.